लेकीच्या नावाचे खाते

काष्टीचा शनिवार आणि इतर गावांचा शनिवार यांत फरक असतो. पहाटेपासून जनावरांच्या बाजाराकडे गाड्यांची रीघ लागते. श्रीगोंदा, दौंड, शिरूर, कर्जत या तालुक्यांतील शेतकरी गाई-बैल घेऊन येतात आणि व्यवहार आटोपल्यावर घरच्या बाजारहाटासाठी पेठेत शिरतात. दिवस मावळेपर्यंत किराणा, कापड, भुसार आणि बी-बियाण्यांच्या दुकानांत पाय ठेवावयास जागा नसते. आठवड्याच्या विक्रीचा मोठा हिस्सा या एका दिवसात पदरात पडतो. त्यामुळे शनिवारी दुकानावर घरातील कोणीही कौटुंबिक विषय काढावयाचा नाही, असा पेठेतील एका जुन्या जैन कुटुंबाचा तीन पिढ्यांचा शिरस्ता होता.

गेल्या वर्षी जून महिन्यातील एका शनिवारी हा शिरस्ता मोडला. घरातील थोरली लेक भर गर्दीत मोबाइल हातात घेऊन दुकानात आली. पुण्यातील एका खासगी विद्यापीठाने संगणक अभियांत्रिकीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी तिची निवड केली होती. पत्रात अभिनंदन होते, हिरव्यागार आवाराची छायाचित्रे होती आणि शेवटी एक अट होती. सात दिवसांच्या आत पन्नास हजार रुपये भरून जागा निश्चित करावी, अन्यथा ती पुढील विद्यार्थ्यास देण्यात येईल. वडिलांनी वजनकाट्यावरची साखर तशीच ठेवून पत्र वाचले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि एवढेच म्हणाले, "बेटा, रात्री बाबूजींसमोर बसू."

रात्री रोकड जुळल्यानंतर बैठक बसली. घरात बाबूजी म्हणजे आजोबा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. दुकानाचा हिशेब संगणकावर गेला असला, तरी घरखर्चाची लाल वही अद्याप त्यांच्याच हाती आहे. मुलीचे वडील, आई, नववीत शिकणारा धाकटा भाऊ आणि पुण्याहून दूरध्वनीवर आत्या, असा सारा परिवार त्या चर्चेत होता. आत्याचे म्हणणे स्पष्ट होते. तिचा मुलगा अशाच एका विद्यापीठातून शिकला, उत्तम नोकरीस लागला. मग भाचीने का मागे राहावे? वडिलांचा कलही तिकडेच होता. सामायिक प्रवेश परीक्षेत मुलीला ९१ पर्सेंटाइल मिळाले होते. शासनाच्या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्या सुरू होऊन संपेपर्यंत ऑगस्ट उजाडणार, तेथे कोणते महाविद्यालय आणि कोणती शाखा मिळेल याचा भरवसा नाही. येथे मात्र हवी ती शाखा हातात होती.

बाबूजींनी विरोध केला नाही. त्यांनी नातीला वहीचे एक कोरे पान दिले आणि म्हणाले, "बेटा, माल घेण्यापूर्वी आपण भाव, वजन, भाडे आणि हमाली विचारतो. येथे चार वर्षांचा माल आहे. पुरा हिशेब तू मांड. सात दिवसांपैकी तीन दिवस तुझे."

मुलीने हिशेब मांडला. पहिल्या वर्षाचे शुल्क चार लाख रुपये होते. पुढील वर्षांत ते वाढेल का, असे तिने विद्यापीठाच्या प्रवेश विभागास विचारले. शुल्कात बदल करण्याचा अधिकार संस्थेकडे राखीव आहे, असे उत्तर आले. तिने दरवर्षी पाच टक्के वाढ धरली. म्हणजे चार लाख, चार लाख वीस हजार, चार लाख एकेचाळीस हजार आणि चौथ्या वर्षी चार लाख त्रेसष्ट हजार. चार वर्षांचे केवळ शुल्क सव्वासतरा लाखांच्या घरात गेले. वसतिगृह आणि भोजन यांचे वर्षाला एक लाख साठ हजार, म्हणजे आणखी सहा लाख चाळीस हजार. लॅपटॉप, पुस्तके, प्रवास, कपडालत्ता धरून एकूण रक्कम पंचवीस लाखांवर थांबली. पत्रातील पन्नास हजारांचा आकडा त्या बेरजेशेजारी फारच लहान दिसत होता.

येथे एक गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. हे शुल्क इतके का, या प्रश्नाचे उत्तर केवळ संस्थाचालकांच्या लोभात शोधणे न्यायाचे होणार नाही. शासकीय आणि अनुदानित महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या वेतनाचा भार शासन उचलते. महाराष्ट्रात १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या मंत्रिमंडळाने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोपर्यंत प्रवेशासाठी कर्नाटकात जाणाऱ्या मराठी मुलांना त्यामुळे घराजवळ जागा मिळू लागल्या. पण त्याच क्षणी वेतन, इमारत आणि प्रयोगशाळा यांचा खर्च विद्यार्थ्याच्या शुल्कावर आला. देणग्यांची वाट रोखण्यासाठी राज्याने १९८७ मध्ये कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा केला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मोहिनी जैन विरुद्ध कर्नाटक राज्य हा खटला गाजला. उत्तर प्रदेशातील या विद्यार्थिनीकडे कर्नाटकातील एका खासगी वैद्यकीय महाविद्यालयाने वर्षाला साठ हजार रुपये मागितले होते, तर तेथील शासकीय कोट्यातील जागेस दोन हजार रुपये पडत होते. शिक्षण ही विकण्याची वस्तू नव्हे, या भूमिकेतून न्यायालयाने अशी वसुली बेकायदा ठरवली. पुढे २००२ च्या टी. एम. ए. पै आणि २००५ च्या पी. ए. इनामदार या निकालांनी विनाअनुदानित संस्थांना आपले शुल्क ठरवण्याची मोकळीक मान्य केली. नफेखोरी आणि कॅपिटेशन फी यांना मात्र मनाई कायम राहिली.

आज महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्यानुसार शुल्क नियामक प्राधिकरण आहे. विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचा जमाखर्च तपासून ते त्यांचे शुल्क ठरवते. खासगी विद्यापीठे त्या कक्षेत येत नाहीत; ती आपापल्या कायद्यानुसार शुल्क आकारतात. शासनाच्या बहुतेक शुल्क सवलतीही केंद्रीभूत फेरीतून मिळालेल्या प्रवेशालाच लागू असतात. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, इतर मागास आणि सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क पूर्णपणे शासनाने उचलले. पण खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे त्यातून स्पष्टपणे वगळली आहेत. दोन संस्थांच्या पाट्यांवर एकाच पदवीचे नाव असले, तरी पालकाच्या खिशाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या बाजारपेठा आहेत. हा भेद प्रवेशाच्या घाईत पुष्कळ कुटुंबांच्या ध्यानात येत नाही.

सोमवारी वडील आणि मुलगी श्रीगोंद्याच्या बँकेत गेले. शाखाधिकाऱ्यांनी दोघांना बसवून शांतपणे सर्व समजावले. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जास पतहमी योजनेमुळे तारण लागत नाही. त्यावरील रकमेस सर्वसाधारणपणे घर, भूखंड किंवा ठेव यांचे तारण द्यावे लागते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत विनातारण कर्जाची सोय आहे, परंतु ती केंद्राने निवडलेल्या दर्जेदार संस्थांपुरती. म्हणून संस्थेचे नाव त्या यादीत आहे की नाही हे प्रथम पाहावे. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. "पण हप्ता नसतो म्हणजे व्याज नसते असे नव्हे," हे वाक्य त्यांनी दोनदा उच्चारले.

मग त्यांनी कागदावर आकडे मांडले. खर्चापैकी सोळा लाख कर्जातून उभे करावयाचे ठरले, तर दरवर्षी चार लाख उचलले जातील. व्याजदर दहा टक्के धरू. पहिल्या चार लाखांवर पाच वर्षांचे, दुसऱ्यांवर चार, तिसऱ्यांवर तीन आणि शेवटच्यांवर दोन वर्षांचे सरळव्याज चढेल. एकूण पाच लाख साठ हजार. ते मुद्दलात मिळून परतफेड सुरू होताना कर्ज एकवीस लाख साठ हजार होईल. दहा वर्षांची मुदत घेतल्यास महिन्याचा हप्ता सुमारे २८,५४५ रुपये आणि एकूण परतफेड सव्वाचौतीस लाख. हप्ता जड वाटून पंधरा वर्षे घेतल्यास तो २३,२११ रुपयांवर येईल, पण एकूण परतफेड जवळजवळ बेचाळीस लाखांवर जाईल. वयाच्या तेविसाव्या वर्षी नोकरीस लागलेली मुलगी अडतिसाव्या वर्षी ऋणमुक्त होईल.

"दुसरी वाट म्हणजे शिकत असतानाच दरमहा व्याज भरत राहणे," शाखाधिकारी म्हणाले. पहिल्या वर्षी ३,३३३ रुपये, चौथ्या वर्षी १३,३३३ रुपये. असे केल्यास मुद्दल सोळा लाखच राहते आणि दहा वर्षांचा हप्ता २१,१४४ रुपयांवर येतो. आधी भरलेले व्याज वजा जाताही सुमारे तीन लाख अठ्ठावीस हजार रुपये वाचतात. काही बँका असे व्याज वेळेवर भरणाऱ्यास दरात सूटही देतात.

वडिलांनी तेव्हा मनातील विचार बोलून दाखवला. तारणाची कटकट नको. दुकानाच्या कॅश क्रेडिट खात्यातून दरवर्षी चार लाख काढले तर? शाखाधिकाऱ्यांनी लेखणी खाली ठेवली. कॅश क्रेडिट हे खेळते भांडवल असते, माल आला की पैसे जातात आणि माल विकला की परत येतात. फीमध्ये गेलेले चार लाख दुकानात परत येत नाहीत. खात्याची मर्यादा तेवढीच राहते आणि खेळणारी रक्कम आटत जाते. नाव न घेता त्यांनी एका पेढीची हकिकत सांगितली. मुलाच्या दोन वर्षांच्या फीसाठी तिने असाच हात घातला. हंगामात माल भरावयास रक्कम उरली नाही, म्हणून दरमहा दोन टक्क्यांनी हातउसने घेतले. पुढच्या वर्षी भाव कोसळले, उधारी अडकली आणि खाते थकीत झाले. मुलगा पदवीधर झाला, पण ज्या दुकानाच्या जोरावर शिकला त्याच्या फळीवर माल नव्हता.

त्यानंतर अडचणीचा प्रश्न आला. सोळा लाखांच्या कर्जासाठी शाखाधिकाऱ्यांनी तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे पाहिली. त्यांत वार्षिक उत्पन्न सहा लाख दहा हजार होते. एवढ्या उत्पन्नावर चढत्या व्याजाचा आणि घरखर्चाचा मेळ बसणे कठीण, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. वडील काही बोलले नाहीत. दुकानाची उलाढाल आणि विवरणपत्रातील आकडा यांतील अंतर त्यांना माहीत होते. ज्या आकड्याने इतकी वर्षे कर वाचवला, तोच आकडा आज लेकीच्या कर्जाच्या आड उभा राहिला होता.

परतताना पेठेतील एका ओळखीच्या इसमाने त्याच आकड्याचा दुसरा उपयोग सुचवला. उत्पन्न आठ लाखांच्या आत दिसते, तेव्हा आर्थिक दुर्बल प्रवर्गाचा दाखला काढावा. केंद्रीभूत फेरीतून प्रवेश घेतला तर मुलीला शिक्षण शुल्क माफ. कागद तर तयारच आहेत.

रात्री ही गोष्ट घरी निघाली. शुल्क माफ होणे म्हणजे चार वर्षांत सहा लाखांच्या आसपास बचत, असा वडिलांचा अंदाज होता. बाबूजींनी विचारले, "दुकान वर्षाला सहा लाखच देते का?" वडिलांनी मान खाली घातली. बाबूजी रागावले नाहीत. त्यांनी आपली गोष्ट सांगितली, जी घरातील कोणी पूर्ण ऐकली नव्हती. ते अहिल्यानगरला समाजाच्या वसतिगृहात राहून शिकले. तेथे राहण्या-जेवण्याचा खर्च एका अनोळखी व्यापाऱ्याने उचलला होता. पुढे बी. कॉम. करावयाचे होते, पण वडील वारले आणि दुकानाची किल्ली हाती आली. "ज्याने माझा खर्च दिला त्याचे तोंडही मी पाहिले नाही. पण त्याने दिलेली जागा खरोखरच गरजू मुलाला मिळाली होती. खोटा दाखला काढून आपण घेतलेल्या जागेवर अशाच कोणा मुलीचे नाव असेल. अचौर्य व्रत फक्त दुकानाच्या काट्यापुरते नसते." त्यानंतर दाखल्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. वडिलांनी त्याच आठवड्यात कर सल्लागारास बोलावून पुढील विवरणपत्र पूर्ण आकड्याने भरण्यास सांगितले. कर वाढणार होता. पण ज्या कागदावर स्वतः सही करावयाची तो कागद लेकीसमोर उघडता यावा, एवढे त्यांना पुरेसे वाटले.

आता उरला मूळ प्रश्न. पैसे कोठून आणि किती? येथे आजवर गप्प असलेली मुलीची आई बोलली. सासऱ्यांसमोर ती सहसा व्यवहाराचे बोलत नसे. तिने लाल वही उघडण्याची विनंती केली आणि म्हणाली, "बाबूजी, या वहीत मुलाच्या नावाने दुकानाचे पान आहे. मुलीच्या नावाने लग्नाचे पान आहे. शिक्षणाचे पान कोणाच्याच नावाने नाही."

ते खरे होते. मुलगी पाच वर्षांची असल्यापासून दर दिवाळीला त्या पानावर सोने, ठेव आणि रोख यांची नोंद होत आली होती. लग्नासाठी रक्कम बाजूला काढताना त्या घराने कधी व्याजाचा विचार केला नव्हता. मंगल कार्यालय, जेवणावळी, आहेर आणि रोषणाई यांवर दोन दिवसांत जे खर्च होणार, त्यास कोणी महाग म्हटले नव्हते. शिक्षणाच्या पंचवीस लाखांवर मात्र चार रात्री चर्चा चालली होती. मुलगी हळूच म्हणाली, "बाबूजी, लग्न साधे करा. त्या पानातले चार लाख मला आत्ता द्या. पण पंचवीस लाखांचा आकडा मलाही नको. मी हिशेब केला आहे."

तिचा हिशेब शुल्कापुरता नव्हता. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात सर्वाधिक पगाराचा आकडा मोठ्या अक्षरांत होता. तिने मध्यक पगार विचारला. म्हणजे नोकरी मिळालेल्या सर्वांना पगाराच्या क्रमाने उभे केले, तर मधोमध उभ्या असलेल्याचा पगार किती? शिवाय वर्गातील किती जणांना नोकरी मिळाली आणि तिच्या शाखेपुरते आकडे काय? सर्वाधिक पगार एकाच विद्यार्थ्याचा असतो. मध्यकावरून मात्र निम्म्या वर्गाची स्थिती कळते. तीन दिवसांत तिला त्याचे लेखी उत्तर मिळाले नाही. महिना अठ्ठावीस हजारांचा हप्ता कोणत्या पगारातून जाणार हे ठाऊक नसताना त्याखाली सही करणे तिला योग्य वाटले नाही.

बाबूजींनी तेव्हा मर्यादा घातली. परिग्रहाला परिमाण असते, तसे ऋणालाही असावे. एकूण खर्च दहा-बारा लाखांच्या आत, कर्ज साडेसात लाखांच्या आत, दुकानाच्या खात्याला हात नाही आणि धाकट्याच्या शिक्षणाचे नवे पान आजच उघडावयाचे. या चौकटीत जे बसेल ते घ्यावे, मग ते कोठेही असो. सातव्या दिवशी पन्नास हजार भरले गेले नाहीत. त्या रात्री मुलगी जेवली नाही, हेही नमूद केले पाहिजे. तिच्या दोन मैत्रिणींनी त्याच विद्यापीठात प्रवेश घेतला होता आणि तेथील आवाराची छायाचित्रे तिच्या मोबाइलवर येत होती.

पुढील सहा आठवडे कठीण गेले. पहिल्या फेरीत मनासारखे काही लागले नाही. आत्याने दूरध्वनीवर नाराजी व्यक्त केली. वडील रात्री दुकान वाढवताना नकळत पुटपुटत, "चूक तर केली नाही ना?" दुसऱ्या फेरीत पुण्यातील एका विनाअनुदानित महाविद्यालयात माहिती तंत्रज्ञान शाखेत प्रवेश मिळाला. संगणक शाखा मिळाली नाही. ती खंत राहिली. शुल्क वर्षाला दीड लाख, समाजाच्या वसतिगृहात राहणे-जेवण सत्तर हजार, इतर खर्च धरून चार वर्षांचे दहा लाख. सहा लाख कर्ज, चार लाख लग्नाच्या पानातून. व्याज दरमहा भरावयाचे ठरले. पहिल्या वर्षी ते १,२५० रुपये आहे, चौथ्या वर्षी पाच हजार होईल. आणि नोकरी लागल्यावर सात वर्षांच्या मुदतीत हप्ता दहा हजारांच्या आत राहील.

या कथेवरून खासगी विद्यापीठात जाऊच नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. अनेक खासगी विद्यापीठांत प्रयोगशाळा अद्ययावत आहेत, अभ्यासक्रम लवकर बदलतात आणि डिझाइनसारख्या काही विषयांसाठी सार्वजनिक संस्थांत जागा फारच थोड्या आहेत. ज्या घरात शिल्लक आहे, किंवा ज्या विद्यार्थ्यास भरीव शिष्यवृत्ती मिळते, तेथे हा निर्णय रास्तही असेल. आत्याच्या मुलाचे तसेच झाले होते; त्याच्या घरी कर्ज काढावे लागले नव्हते. प्रश्न एवढाच की एका घराचा निर्णय दुसऱ्या घराने उसना घेऊ नये.

ज्यांना निर्णय घ्यावयाचा आहे त्यांनी काही गोष्टी आधी पाहाव्यात. चारही वर्षांचे शुल्क आणि वाढीची अट लेखी मागावी. सात दिवसांच्या मुदतीला घाबरून मूळ प्रमाणपत्रे देऊ नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार पडताळणीनंतर संस्थेस ती अडकवून ठेवता येत नाहीत, आणि प्रवेश रद्द केल्यास किती दिवसांत किती शुल्क परत मिळते याचे टप्पेही तीत दिलेले आहेत. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकर कायद्यानुसार आठ वर्षे वजावट मिळते, परंतु ती जुन्या करप्रणालीतच. आणि खेळत्या भांडवलातून फी भरू नये, हे तर प्रत्येक व्यापारी घराने गाठीस बांधावे.

याहून मोठी गोष्ट समाजाच्या हाती आहे. आपल्या पूर्वजांनी विद्यार्थ्यांसाठी प्रथम वसतिगृहे बांधली. जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि सर्व जाती-धर्मांच्या मुलांना एका छताखाली ठेवले. त्या वसतिगृहासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले. मुंबईत आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने १९१५ मध्ये उभे राहिलेले महावीर जैन विद्यालय हे बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे घरच होते. २०१४ मध्ये जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला; त्या दर्जाच्या संस्था आणि योजना आहेत, त्यांची माहिती गावोगाव पोहोचली पाहिजे. काष्टीच्या या मुलीच्या हिशेबात खासगी विद्यापीठाचे वसतिगृह आणि समाजाचे वसतिगृह यांतील फरक चार वर्षांत तीन लाख साठ हजार रुपये इतका होता. एखाद्या ट्रस्टची एक खोली एका घराचे एवढे ऋण वाचवू शकते.

दिवाळीत मुलगी दौंडमार्गे घरी आली. मैत्रिणींच्या आवाराची आठवण अजून निघते, हे तिने आईजवळ कबूल केले; पण गणिताच्या शिक्षिका फार चांगल्या आहेत आणि वसतिगृहात सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची सोय आहे, असेही सांगितले. वहीपूजनाच्या दिवशी बाबूजींनी नवी लाल वही उघडली. पहिल्या पानावर स्वस्तिक काढून झाल्यावर त्यांनी दोन पाने नातवंडांच्या नावांनी सोडली आणि दोन्ही पानांच्या माथ्यावर 'शिक्षण खाते' असे लिहिले. मग लेखणी नातीच्या हाती दिली. तिने आपल्या पानावर पहिली नोंद केली: व्याज, १,२५० रुपये, नावे. बाबूजींनी चष्मा पुसून ती वाचली आणि म्हणाले, "अक्षर सुधार, बेटा. ही वही पुढे तुलाच वाचायची आहे."